गोठ्यातला झिरोचा बल्ब

आमच्या घरात वीज आली ती आधी गोठ्यात. माणसांच्या आधी ढोरांना उजेड मिळाला असं आख्ख्या गावात आमचं एकच घर असेल, आणि त्याचं सगळं श्रेय माझ्या बाबांना. आज मी हे हसत हसत लिहिते आहे. तेव्हा मात्र दहावी पास झालेल्या माझ्यासारख्या पोरीचं पुढचं सगळं त्या गोठ्यातल्या उजेडावर अडलेलं होतं, आणि मला हसू अजिबात येत नव्हतं.

बाबा कोण होते ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. आमचं गाव चामोर्शीच्या बाजाराला पायी जाऊन दिवेलागणीला परत येता येईल इतकं जवळ, आणि बाकी सगळ्यापासून लांब. गावाच्या वरच्या अंगाला तलाव, आणि त्याच्याखाली उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेली शेतं. तलावाचं पाणी पहिल्या बांधीत सोडायचं, ती भरली की तिच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, फावड्यानं तोंड फोडून खालच्या बांधीत घ्यायचं, तिथून तिच्या खालच्या. असं बांधीतून बांधीत उतरत ते पार शेवटच्या शेतापर्यंत जायचं. कोणाला किती दिवस पाणी, तोंड कधी फोडायचं, कधी बुजवायचं, हे बाबा ठरवत. खांद्यावर फावडं, धोतर गुडघ्यावर, आणि पाण्यात पाय बुडवून 'दोन बोटं कमी हाये' असं सांगणारा माणूस. दोन बोटं म्हणजे दोनच बोटं असायची, मी मोजून पाहिलेलं आहे. पाण्याच्या बाबतीत बाबांना चूक म्हणणारा गावात जन्मला नव्हता. एक सोमाजीभाऊ तेवढे कुरकुर करायचे, कारण त्यांची बांधी सगळ्यात शेवटी, आणि वरच्यांचं पोट भरेस्तोवर त्यांचं धान पिवळं पडायला लागलेलं असायचं. मला पाटातून वेगळं तोंड द्या, असं ते दर वर्षी म्हणायचे, आणि पाणी बांधीतूनच जाते, आजापासून तसंच हाये, असं बाबा दर वर्षी सांगायचे.

घरात आम्ही तिघंच. थोरली बहीण लग्न होऊन सिंदेवाहीकडे गेलेली. माय दिवसभर शेतात आणि संध्याकाळी चुलीपाशी. चुलीच्या खोलीला खिडकी नव्हती. मायच्या डाव्या हातात रॉकेलची चिमणी आणि उजव्या हातात पळी, असाच तिचा स्वयंपाक मी जन्मापासून पाहत आले. भांड्यात काय शिजलं ते ती डोळ्यांपेक्षा कानानं ओळखायची. डाळ कशी बोलते, तव्यावर आयता टाकला की किती वेळ चर्र होतो, वांग्यात सुके झिंगे टाकले की वास कधी फिरतो, हे सगळं तिला अंधारात कळायचं. आयते म्हणजे आमच्याकडचे तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी. सकाळी ते करताना येणारा तो चर्र आवाज ऐकूनच मी उठायचे. आता माझ्याकडे गॅस आहे, न चिकटणारा तवा आहे, आणि त्याच्यावर आयता कसा मुक्यानं पडतो. मी सुनेला सांगून थकले की लोखंडी तवा काढ, पण ऐकेल तर शपथ.

गावात खांब आले तेव्हा मी नववीत होते. खांबावर चढणारा लाईनमन लोखंडी आकडे पायाला बांधून सरसर वर जायचा, आणि मी शाळेतून येताना दप्तरासकट खाली उभी. एकदा त्यानं त्याचा टेस्टर माझ्या हातात दिला, अंगठा मागच्या टोकावर ठेवायला लावला आणि पुढचं टोक बोर्डात खुपसलं. त्या पेनासारख्या वस्तूच्या पोटात लाल दिवा लागला. माझ्या अंगठ्यातून काहीतरी जात होतं आणि मला काही म्हणजे काही होत नव्हतं. त्या दिवसापासून मी कामातून गेले. घरी येऊन मायला सांगितलं की मला हेच करायचं आहे. माय म्हणाली, आधी गोवऱ्या उचल.

सरकारच्या योजनेत घरटी एका बल्बापुरती जोडणी होती. माणसं आली, ओसरीवर बोर्ड ठोकला, एक बटण, एक होल्डर, बल्ब ज्याचा त्यानं आणायचा, आणि निघून गेली. बाबांना एकानं काय होणार? ओसरीवर माणसं बसतात, चुलीपाशी मायला दिसत नाही, गोठ्यात साप निघतात. तीन तरी हवेत. वायरमन बोलवा, असं जाता जाता त्यांतल्या एकानं सांगितलंही होतं. पण बाबांचं म्हणणं पडलं की करंट म्हणजे दुसरं काय, पाणीच. वरून येते, खाली जाते. चामोर्शीहून त्यांनी वायरचं भेंडोळं आणलं आणि तीन बल्ब आणले: ओसरीसाठी शंभराचा, कारण तिथे चार लोक येणार. चुलीपाशी चाळीसचा. आणि ढोरांना काय करायचा जास्त उजेड, म्हणून गोठ्यात झिरोचा. मग एका दुपारी मेन बंद करून (लाईनमननं त्यांना तेवढं चांगलंच घाबरवलेलं होतं) त्यांनी बांध्या जोडल्या. माझ्या डोळ्यांसमोर जोडल्या. बोर्डातून वायर ओसरीच्या बल्बात, त्या बल्बातून निघून चुलीच्या बल्बात, त्यातून निघून गोठ्यातल्या बल्बात, आणि तिथून शेवटची वायर आढ्यावरून सगळं घर ओलांडून परत बोर्डात. खिळे कसे एका रेषेत ठोकलेले, वायर कशी ताठ. काम म्हणून नाव ठेवायला जागा नव्हती.

संध्याकाळी शेजारीपाजारी जमले. मायनं बटणाला हळदकुंकू लावलं. बाबांनी बटण दाबलं. ओसरीवर काळोख. आम्ही सगळे वर बघतो आहोत आणि बल्ब आमच्याकडे बघतो आहे. चुलीच्या खोलीत डोकावलं तर बल्बाच्या पोटातली तार विडीच्या टोकासारखी लाल झालेली, बस. तेवढ्यात मागून कपिला गाय हंबरली. जाऊन बघतो तर गोठ्यात छान उजेड, आणि कपिला डोळे मिचकावत उभी.

माय म्हणाली, "आता गाईले पुस्तक आणा."

बाबांनी त्याचंही कारण दिलं. नवीन हाये, भरायले वेळ लागते. बांधी भरते तसा बल्ब भरेल असं ते खरोखर धरून बसले, आणि आम्हीही बसलो. आठ दिवस आम्ही शंभराचा बल्ब भरायची वाट पाहिली. मग त्यांनी अदलाबदल केली. झिरोचा ओसरीवर आणला, शंभराचा गोठ्यात नेला. ओसरीवर उजेड झाला आणि गोठा काळाकुट्ट. म्हणजे पहिल्याला मिळतं की शेवटच्याला मिळतं असा प्रश्नच नव्हता. कुठेही ठेवा, झिरोचाच तेवढा पेटत होता. चुलीचा बल्ब काढून पाहिला तर तिन्ही गेले. बाबांच्या पाण्याच्या हिशोबात हे कशातच बसेना. पण ओसरीवर झिरोचा बल्ब ठेवणं त्यांना कमीपणाचं वाटलं, म्हणून त्यांनी शंभराचा परत ओसरीवर लावला, नुसता शोभेला, आणि झिरोचा गोठ्यात. त्यावर कोणी काही बोलायचं नाही असं घरात न सांगता ठरलं.

पुढे वर्षभर आमचं घर संध्याकाळी गोठ्यात भरायचं. माय तांदूळ निवडायला तिथे बसायची. मी दहावीचा सगळा अभ्यास कपिलेच्या शेजारी गोणपाटावर बसून केला. शेणाचा वास, वैरण चघळल्याचा आवाज, मधूनच पाठीवर शेपटीचा फटका. वासरानं माझ्या भूमितीच्या वहीची चार पानं खाल्ली, ते प्रमेय मला आजही नीट येत नाही. आणि सगळ्यात मोठी गंमत सांगू? विज्ञानाच्या पुस्तकातला विजेचा धडा, एकसर जोडणी आणि समांतर जोडणी, मी त्याच उजेडात घोकून पाठ केला. एकसर जोडणी डोक्यावर लोंबते आहे, आणि खाली बसून ही बाई 'एकसर जोडणीत सर्व घटकांमधून सारखीच विद्युतधारा वाहते' असं म्हणत डुलते आहे. वर मान करून पाहिलं असतं तरी पुरे होतं. पण पुस्तकातली आकृती चौकोनी होती आणि आमचं आढं वाकडं होतं, त्यामुळे मला ओळख पटली नाही.

निकाल लागला. मी पास झाले, तेही बरे मार्क घेऊन. विज्ञानाच्या सरांनी गडचिरोलीच्या आयटीआयचा फॉर्म आणून दिला. वायरमनचा ट्रेड, दोन वर्षं, बाहेर खोली घेऊन राहायचं. फॉर्मवर पालकांची सही. मी तो बाबांपुढे ठेवला तेव्हा ते जेवत होते. त्यांनी डाळीचा भुरका मारला, फॉर्म उलटसुलट केला आणि म्हणाले, "बल्ब लावणं शिकायले दोन वर्षं कायले? मी एका दुपारात लावले."

ते रागावले नव्हते, पोरीनं शिकू नये असंही त्यांचं मत नव्हतं. डीएड कर म्हणत होते, नर्सचं कर म्हणत होते. पण विजेचं शिक्षण ही त्यांना फसवणूक वाटत होती. जी गोष्ट आपण फावडं धरणाऱ्या हातानं करून टाकली, तिच्यासाठी पोरगी दोन वर्षं परगावी कशाला पाठवायची? फॉर्म देवाच्या कोनाड्यात गेला. शेवटचा दिवस पुढच्या शनिवारचा. मी गोठ्यात जाऊन कपिलेच्या मानेत तोंड खुपसून रडले, आणि ती मला चाटत राहिली.

चामोर्शीच्या बाजारात सर भेटले. ते झिंग्यांच्या दुकानापाशी उभे होते. सही झाली का, असं त्यांनी विचारलं आणि मी रडतरडतच सगळं सांगून टाकलं, गोठ्यातल्या बल्बासकट. सर आधी हसले. मग त्यांनी विचारलं, तिन्ही बल्ब किती वॅटचे. मी सांगितलं. त्यांनी झिंगे बांधायला घेतलेला वर्तमानपत्राचा तुकडा दुकानदाराच्या हातातून काढून घेतला आणि त्याच्या कडेच्या कोऱ्या जागेत पेनानं एक ओळ काढली, तिच्यात तीन गोल. सगळे एकाच वाटेवर आहेत ना, ते म्हणाले. मग एकच धारा तिघांतून जाणार, आणि जो सगळ्यात जास्त अडवतो तोच सगळ्यात मोठा वाटा घेऊन बसणार. झिरोच्या बल्बाची तार सगळ्यात बारीक, तो सगळ्यात जास्त अडवतो. घरातलं दोनशे तीस व्होल्ट बहुतेक तोच खातो, बाकीच्यांना चाटण. मग त्यांनी खाली दुसरी आकृती काढली. वर एक रेघ, खाली एक रेघ, आणि दोन्हींच्या मध्ये तीन गोल, प्रत्येकाचा पाय वरच्या रेघेलाही आणि खालच्या रेघेलाही. इथे प्रत्येकाला पुरे दोनशे तीस. एक विझला तरी बाकीच्यांचं काही जात नाही.

मी तो कागद पाहिला आणि मला आमचं आढं दिसलं. खिळ्यांसकट दिसलं. आणि खालची आकृती तर मी रोज पाहत होते. नाल्याकडच्या अंगाला काही शेतं अशी होती की वरून पाट, खालून नाला, आणि मधल्या प्रत्येक बांधीला पाटातून आपलं तोंड आणि नाल्यात आपला निचरा. बाबांना घरी बांधीतून बांधीत पाणी न्यायचं नव्हतं, पाट काढायला हवा होता. सर म्हणाले, बाबांना जाऊन दाखव. हे सरांना सांगायला काय जातं! बाबांना चूक म्हणायचं, आणि तेही पाण्याच्या भाषेत?

चार दिवस तो कागद मी पोलक्यात घेऊन फिरले. सगळीकडे झिंग्यांचा वास. बोलले नाही तर बाबांचं 'मी एका दुपारात लावले' तसंच उभं राहणार. बोलले आणि त्यांना लागलं, तर कोनाड्यातला फॉर्म कोनाड्यातच राहणार. शेवटी मायला सांगितलं. तिनं आकृतीकडे पाहिलंसुद्धा नाही. चुलीपाशी उजेड येईल काय, एवढंच विचारलं. येईल म्हटल्यावर म्हणाली, मंग बाकीचं मले समजायची गरज नाई.

गुरुवारी आमच्या ओसरीवर बैठक होती. रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, आधी तलावाखालचे सगळे शेतकरी बाबांकडे जमायचे आणि पाण्याच्या पाळ्या ठरायच्या. दर वर्षी कंदिलावर व्हायची. या वर्षी दिवेलागणीला माणसं आली, ओसरीवर बसली, आणि बाबांनी आपलं बटण दाबलं. एवढं होऊनही त्यांनी ते का दाबलं असेल याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. मला वाटतं त्यांना आशा होती. वर्षभरात भरला असेल. अर्थात वर अंधारच. मग सगळेच्या सगळे, पागोट्यांसकट, पानाच्या डब्यासकट, उठून गोठ्यात गेले. कोणी वैरणीवर बसलं, कोणी गव्हाणीच्या काठावर. वासरानं एकाचा गमछा तोंडात घेतला. आणि सोमाजीभाऊ, ज्यांनी आयुष्यभर शेवटच्या बांधीचं दुःख सोसलं होतं, ते बल्बाकडे पाहून म्हणाले, "तुझ्या घरी तं शेवटच्याले जास्त भेटते गा भाऊ. माझी बांधी तुझ्या गोठ्यातच आणून ठेवतो."

गोठा असा हसला की कपिला दचकून उठली. मला दारातून बाबांचा चेहरा दिसत होता. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत, नुसते खाली मान घालून पाळ्यांचा कागद उलगडत राहिले. मला फार वाईट वाटलं. माझे बाबा चुकले आहेत हे माझ्या पोलक्यातल्या कागदावर लिहिलेलं होतं, आणि तरी त्यांना कोणी हसलेलं मला सहन झालं नाही. मायनं माझा दंड धरला. ती म्हणाली, "मी चाय मांडतो. तेवढ्यात होते काय?"

मी म्हटलं, होते.

मेन बंद केला. गोठ्यातून 'गेली लाईट' असा आवाज आला, आणि कोणी उठलं नाही, कारण आमच्याकडे लाईट जाणं ही काही बातमी नव्हती. मायनं एक कंदील गोठ्यात नेऊन ठेवला आणि दुसरा माझ्यापाशी धरला. मी स्टुलावर. बाबांनी वायर इतकी नीट टाकली होती की परत येणारी वायर तिन्ही होल्डरच्या अगदी जवळून गेली होती, नवीन अशी हातभर सुद्धा लागली नाही. ओसरीवर बल्बात शिरणारी आणि बल्बातून पुढे निघणारी अशी दोन टोकं एकत्र पिळून बल्बाच्या एका पायाला दिली, म्हणजे वरचा पाट सरळ झाला. बल्बाचा दुसरा पाय उरला, तो परतीची वायर सोलून तिला जोडला, म्हणजे नाल्याला. कांदा चिरायच्या चाकूनं सोलत होते, आणि मायच्या हातातला कंदील हलत होता, तेव्हा तीही घाबरली असणार. काळी टेप गुंडाळली. चुलीपाशी तेच पुन्हा. गोठ्याच्या बल्बाला हात लावायची गरज नव्हती, तो शेवटचा, त्याचा एक पाय आपोआप पाटावर आणि एक नाल्यावर आलेला. चहाला पहिली उकळी आली तेव्हा मी मेनपाशी उभी होते. सरांचा कागद पुन्हा एकदा पाहिला. मग मेन वर केला.

पुढच्या चाळीस वर्षांत मी काय काय चालू केलं. घुग्घुसजवळच्या एका कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये माझी नोकरी झाली, तिथे मोठ्या मोठ्या मोटारी माझ्या हातानं सुरू झाल्या, जमीन हादरायची. पण असा उजेड काही पुन्हा पाहिला नाही. ओसरी पांढरी झाली, अंगण दिसलं, अंगणातल्या तुळशीची सावली पार कुंपणावर गेली. मी धावत चुलीच्या खोलीत गेले. माय चहाचं भांडं हातात धरून भिंतींकडे पाहत उभी होती. वर्षानुवर्षांची काजळी, आढ्यापासून लोंबणारी जाळी, सगळं लख्ख दिसत होतं. "अवो माय," ती म्हणाली, "अशा घरात रांधून राह्यली होती काय मी?" आणि हसायला लागली. मग तिनं स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि पुन्हा हसली.

तोवर माणसं अंगणात आली होती. बाबा सगळ्यात पुढे. ते ओसरीवर चढले, शंभराच्या बल्बाखाली उभे राहिले, तिथून चुलीच्या खोलीत डोकावले, परत मागे जाऊन गोठा पाहून आले. गोठ्यातला झिरोचा तसाच पेटलेला, उलट जरा जास्तच. मग त्यांनी मला हाक मारली. माय मधे आली, मीच सांगितलं तिले म्हणाली. बाबा तिला म्हणाले, तुले नाई विचारलं. आणि माझ्याकडे पाहून, सगळ्या गावासमोर, "कसं केलं?"

मी पोलक्यातून कागद काढला, सरांनी दिला म्हटलं, पण त्यांना वाचायला देण्यापेक्षा बोललेलं बरं, म्हणून बोलायला लागले. माझा आवाज इतका बारीक होता की सोमाजीभाऊ पुढे सरकले. मी सांगितलं की तुम्ही बांध्या केल्या होत्या. एका बल्बातून दुसऱ्यात. त्यात जो जास्त अडवतो, सगळा जोर त्याच्यापाशीच खर्च होतो, आणि बाकीच्यांपाशी काही उरत नाही. मी फक्त नाल्याकडच्या शेतासारखं केलं. वर पाट, खाली नाला, ज्याचं त्याचं तोंड वेगळं.

बाबांनी आढ्यावरच्या वायरीवरून नजर फिरवली. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला कळत होतं की ते आता माझ्यासमोर नाहीतच, ते पाटावर उभे आहेत आणि एकेक तोंड उघडून पाहत आहेत. एक बंद केलं तरी दुसरीचं चालूच राहतं. मग ते म्हणाले, "म्हणजे मले पाट काढायचा होता, अन् मी धुरे फोडत बसलो." आणि हसले. असे हसले की त्यांना खांबाचा आधार घ्यावा लागला. मग सगळेच हसले, पण आता ते हसणं वेगळं होतं, त्यात बाबा होते. वर्षभर न बोललेलं सगळं त्यांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली: बल्ब भरायची वाट कशी पाहिली, शंभराचा गोठ्यात कसा नेला, माय गाईच्या पुस्तकाबद्दल काय म्हणाली. आपल्या चुकीची गोष्ट इतक्या आनंदानं सांगणारा माणूस मी त्यानंतर पाहिला नाही. पुढे कित्येक वर्षं येईल त्या पाहुण्याला ते ती सांगत, आणि दर वेळी शंभराचा बल्ब भरायला एकेक दिवस जास्त लागे.

सगळ्यांचा चहा झाला तशी कोणीतरी पाळ्यांचा कागद पुढे केला. बाबांनी तो घडी करून खिशात टाकला. "पाळ्या परवा ठरवू," ते म्हणाले. "उद्या मले पोट्टीले घेऊन गडचिरोलीले जायचं हाये." तलावाची बैठक त्यांनी पुढे ढकलल्याचं गावाला आठवत नव्हतं. मला तर पाय कुठे ठेवू असं झालं.

गडचिरोलीच्या खिडकीवरच्या बाबूनं फॉर्म पाहिला, मला पाहिलं, आणि बाबांना समजावून सांगितलं की भाऊ, पोरींसाठी शिवणकाम आहे, त्यात घाला. बाबा म्हणाले, "शिवण तिच्या मायले येते. हिले पाट काढता येते." बाबूला काय कळलं देव जाणे, पण त्यानं पेन पुढे केलं. बाबांनी सही केली. ते अक्षर अक्षर जुळवून लिहायचे, मागे रांग खोळंबली, पण त्यांनी घाई केली नाही. येताना त्यांनी माझ्या पसंतीनं तीन वेगळी बटणं घेतली. ती मी त्याच संध्याकाळी बसवली, आणि ते पोरासारखे या खोलीचं लाव, त्या खोलीचं विझव करत बसले, शेवटी माय ओरडली तेव्हा थांबले. त्या वर्षी सोमाजीभाऊंच्या बांधीला पाटातून वेगळं तोंड मिळालं.

महिन्याभरानं मला पोचवायला बाबा चामोर्शीच्या स्टँडवर आले. माझी पेटी त्यांच्या डोक्यावर. मायनं बांधून दिलेल्या आयत्यांचं गाठोडं माझ्या हातात, आणि पोलक्यात, सांगायला नकोच, तो झिंग्यांचा कागद. बस लागली, पेटी वर चढवून झाली, मी खिडकीशी बसले, तेव्हा खालून त्यांनी विचारलं, "सर म्हणले ना, जो जास्त अडवते त्यालेच जास्त भेटते?"

मी म्हटलं, हो, एका ओळीत असले तं.

"मंग इतके वर्षं आपल्या घरी झिरोचा बल्ब मीच होतो," ते म्हणाले. "तुझ्या मायचं अन् तुझं मीच खाऊन राह्यलो होतो."

हे ते हसत म्हणाले होते, पण डोळे हसत नव्हते. बसचं इंजिन सुरू झालं, कंडक्टर दोरीला हात घालत होता, आणि मला एवढंच सुचलं. "पण बाबा, अभ्यास मी त्याच्याच उजेडात केला ना."

बाबांनी गमछा तोंडावर घेतला. घंटी वाजली आणि बस निघाली.